निळ्या पाखराची मेणबत्ती

१९५१ सालची, उंच डोंगरातल्या एका गावातली गोष्ट. त्या वर्षी थंडी लवकर पडली आणि मोठ्याबाईंच्या घरातला पाळणा हलायच्या आधीच माळ्यावर गेला.

मोठ्याबाई म्हणजे मेणबत्तीच्या कारखान्याच्या मालकीणबाई. कारखाना आपला म्हणायचा म्हणून. तळमजल्यावर एक लांबट खोली, तिच्यात दोन चुली, दोन मोठाली पातेली, भिंतीला टांगलेले पत्र्याचे साचे, आणि छताखाली दोरीवर वाळत घातलेल्या वातींची जुडगी. वरच्या मजल्यावर घर. मेणाचा वास जिना चढून वर यायचा तो पांघरुणात, पावात, केसांच्या मुळांत जाऊन बसायचा. नवरा गेल्यावर बाईंनी हा धंदा एकटीने ओढला, आणि ओढता ओढता त्यांचं मन साच्यासारखंच पत्र्याचं झालं, असं शेजारीपाजारी म्हणत. अर्थात दार लावून घेऊन म्हणत. गावातल्या चर्चला लागणारी एकूण एक मेणबत्ती बाईंकडून जायची आणि तिचे पैसे बाई घेत नसत. त्यामुळे पहिल्या बाकावर कोणी बसायचं आणि पाळकसाहेबांनी उपदेश कुठे आवरता घ्यायचा, हे बाईंच्या खोकल्यावर ठरायचं.

त्यांच्या मुलाचं लग्न झालं, सून उंबरठ्यावर येऊन उभी राहिली, तेव्हा बाईंनी तिला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही सून की काडी? फुंकर मारली तर विझेल."

"मेणबत्तीवाल्यांच्या घरात काडी हवीच की," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. तिचं खरं नाव माहेरी राहिलं आणि सासरी तिची काडी झाली, ती कायमची.

काडी बोलायची कमी आणि कामाला वाघीण. वात ओढून ताणायची, ओतायची, कापायची, सगळं महिन्याभरात शिकली. पण कूस काही उजवेना. वर्षामागून वर्षं गेली. नणंद येताजाता म्हणायची, "वहिनी, आमच्या ओतणाऱ्याच्या हातात दोष नाही हं, साचा बघून घे." ही नणंद घरात लाडाने वाढलेली, लग्नाचं वय टळत चाललेली. जिभेला मात्र रोज नवी धार लावायची.

आणि मग, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, काडीला दिवस गेले.

त्या चर्चची एक जुनी रीत होती. नाताळच्या आधीचा जो आगमनकाळ, प्रभूच्या येण्याची वाट पाहायचा, त्यात वेदीजवळ हिरव्या फांद्यांचं एक कडं ठेवत आणि त्यात चार मेणबत्त्या उभ्या करत. दर रविवारी एक जास्तीची पेटायची. तीन जांभळ्या, पण तिसऱ्या रविवारची गुलाबी. ती आनंदाची. ही आनंदाची मेणबत्ती, जी बाई त्या वर्षात आई झाली तिनेच पेटवायची, आणि पेटवून सगळ्या मंडळीसमोर मोठ्याने एक वाक्य म्हणायचं: "देवाने मला दिलेलं वचन पाळलं, आणि मी आनंद करते." ज्या घरची बाई ते वाक्य म्हणे, त्या घरची मान वर्षभर ताठ.

मोठ्याबाईंनी इतक्या वर्षांत कित्येकांच्या सुनांसाठी गुलाबी मेणबत्ती ओतून दिली होती. काडीचं पोट दिसायला लागलं तशा त्या पाळकसाहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "यंदा आनंद आमच्या घरचा." पाळकसाहेब म्हणाले, "बाई, बाळ येऊ तर द्या." बाई खोकल्या. मग पाळकसाहेब म्हणाले, "बरं, बरं, तुमच्याच घरचा."

त्या काळात काडीने एक मेणबत्ती केली. कारखान्यात मेण वाया घालवायची सोय नव्हती. खाली सांडलेला थेंबसुद्धा सुरीने खरवडून पुन्हा पातेल्यात जायचा. पण मधवाल्याच्या बायकोने तिला पोळ्याच्या पिवळ्या मेणाचा एक गोळा दिला होता, पहिलटकरणीला भेट म्हणून. त्यात वात बुडवून, वाळवून, पुन्हा बुडवून तिने बाळाच्या बाप्तिस्म्याची मेणबत्ती वाढवली. पोटातलं जसं वाढत होतं तशीच. बाप्तिस्म्याच्या दिवशी प्रत्येक बाळाची एक मेणबत्ती वेदीवर पेटायची. पेटली की ते बाळ देवाच्या घरचं झालं, असं मानत. दाराला लावून उरलेला निळा तेलरंग डबीच्या तळाशी होता. त्यात काटकी बुडवून तिने मेणबत्तीवर एक पाखरू काढलं.

"हे काय, कावळा?" नणंदेने विचारलं.

"पाखरू आहे."

"कसलं?"

"उडणारं," काडी म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी हसली. मेणबत्ती तिने बाळाच्या टोपड्यात गुंडाळून ट्रंकेत तळाशी ठेवली.

मुलगी झाली. भर दुपारी झाली. एकदा रडली. सुईणीने तिचा रंग पाहिला आणि तिचा स्वतःचाच रंग उतरला. "बाई, पाळकसाहेबांना बोलवा. आत्ता. पोरीच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडू दे."

"ते जेवायला बसले असतील," मोठ्याबाई म्हणाल्या. "रडली ना? मग घाई कसली? पानावरून उठवू का माणसाला? मुलगा असता तर गोष्ट वेगळी."

पाळकसाहेब हात धुवून आले तेव्हा पाणी घालण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्याच मोठ्याबाई मग संध्याकाळी म्हणाल्या, "डोक्यावर पाणी नाही. मग नाव कसलं आणि घंटा कसली?" बाप्तिस्मा न झालेल्या पोरीला चर्चच्या दफनभूमीत जागा मिळाली नाही. काडीच्या नवऱ्याने मेणबत्त्यांच्या खोक्यातच मुलीला ठेवलं आणि कुंपणाच्या भिंतीबाहेर, झुडपांच्या कडेला पुरलं. परत येऊन त्याने हात धुतले आणि तो साचे पुसायला बसला. नवरा वाईट नव्हता. चांगला असायला जे लागतं ते मात्र त्याच्याकडे नव्हतं.

चार दिवसांनी पाळकसाहेब भेटायला आले. काडी भिंतीला टेकून बसली होती. तिने एकच विचारलं, "साहेब, माझी मुलगी देवाजवळ आहे ना?"

पाळकसाहेबांनी तोंड उघडलं. दाराशी मोठ्याबाई उभ्या होत्या. त्या खोकल्या.

"देवाचं देवाला ठाऊक," पाळकसाहेब म्हणाले, आणि टोपी घेऊन गेले.

झालं. त्या दिवसापासून काडीच्या मनात दुसरा विचार नव्हता. खाताना, ओतताना, अंथरुणावर पडल्यावर, तोच एक. मुलगी मेली हे दुःख तर होतंच. पण ती गेली कुठे? भिंतीच्या आत नाही, घरात नाही, वर नाही. देवाने एवढी वचनं दिली, आंधळ्यांना, पांगळ्यांना, कैद्यांना. त्यांतलं एकही एकदाच रडलेल्या पोरीपर्यंत पोचत नाही? दार तिच्याच तोंडावर कसं बंद झालं?

"उठ आता," मोठ्याबाई म्हणाल्या. "किती दिवस उबवत बसणार? अंडी घालणार आहेस का? नाताळ तोंडावर आलाय. मेण कोणाच्या रडण्यासाठी थांबत नाही, गोठतं."

ती उठली. पातेल्याजवळ उभी राहिली. चुलीच्या धगीने तिला पान्हा फुटायचा. नणंद लांबून म्हणायची, "वहिनी, पदर सावर. थेंब पडला मेणात तर वात तडतडेल हो."

एका दुपारी तिने ट्रंक उघडली. टोपडं होतं, घडी घातलेलं. मेणबत्ती नव्हती.

"आई, ट्रंकेतली मेणबत्ती?"

"कसली?"

"पाखराची."

"ती होय," मोठ्याबाई वाती मोजत म्हणाल्या. "जिच्या डोक्यावर पाणी नाही तिची मेणबत्ती घरात ठेवत नाहीत. टाकली."

"कुठे टाकली?"

"जिथे टाकायची तिथे. आता तिचं काय लोणचं घालायचंय?"

काडीने चुलीतली राख चाळली. मागच्या अंगणातला उकिरडा काठीने उकरला. काही सापडलं नाही. रात्री नवऱ्याला विचारलं, "अहो, तुम्ही पाहिलीत का?" तो कूस बदलून म्हणाला, "आईला विचार."

आगमनकाळाचा पहिला रविवार झाला. पहिली जांभळी मेणबत्ती पेटली. दुसऱ्या रविवारी दुसरी. तेव्हा कुठे काडीने सासूसमोर तोंड उघडलं. "आई, पुढच्या रविवारी मी नाही पेटवणार. लोहाराच्या सुनेला झालाय मुलगा. ती पेटवेल."

मोठ्याबाईंनी हातातली सुरी खाली ठेवली. "लोहाराची सून? आमचा मान लोहाराच्या घरी? उद्या सगळं गाव म्हणेल, मोठ्याबाईंच्या घराला नजर लागली. तू आई झालीस की नाही? झालीस. पोर राहिलं नाही ही पुढची गोष्ट. तू पेटवशील. आणि हसून पेटवशील. आनंद करा असं देवानेच सांगितलंय. जमलं तर करा असं नाही सांगितलं."

"मला ते वाक्य म्हणवणार नाही."

"मग माहेरची वाट धर. भावाची बायको वाटच बघत असेल तुझी, आरती घेऊन." माहेरी काडीचे आईबाप उरले नव्हते, भावजय तिला दारात उभं करणार नाही, हे दोघींना माहीत होतं.

त्या आठवड्यात रोज पातेल्याजवळ काडीची उजळणी चालली. नणंद समोर स्टुलावर मंडळी होऊन बसायची.

"ऐकू येत नाही!" नणंद ओरडायची. "मागच्या बाकावर बहिरा घड्याळजी बसतो. त्याने काय आनंद करायचा?"

"देवाने मला दिलेलं वचन पाळलं, आणि मी..."

"'मी' वर काय अडखळतेस? घशात हाड आहे?"

"...आणि मी आनंद करते."

"एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून?" मोठ्याबाई म्हणाल्या. "पुन्हा."

नवरा कोपऱ्यात साच्यांना तेल लावत होता. एकच साचा किती वेळ पुसता येतो ते त्याने त्या आठवड्यात दाखवलं.

काडीने मनाशी ठरवलं. मेणबत्ती पेटवायची आणि गप्प उभं राहायचं. देवासमोर खोटं बोलायचं नाही. मग रस्त्यावर राहायची पाळी आली तरी बेहत्तर. मुलगी भिंतीबाहेर, आपणही भिंतीबाहेर.

तिसरा रविवार उजाडला तो पांढरट, गोठलेला. बाकांवर लोक एकमेकांना चिकटून बसले होते आणि सगळ्यांच्या तोंडांतून वाफ निघत होती. मोठ्याबाई पहिल्या बाकावर, नव्या शालीत. त्यांच्या शेजारी नणंद, मुलगा, आणि कडेला काडी.

पाळकसाहेबांनी बायबलमधल्या संदेष्ट्याचा उतारा वाचला. ते नेहमीच भाजीची यादी वाचावी तसे वाचत. जो येणार आहे तो कसा असेल याचं वचन होतं त्यात. तो ओरडणार नाही, चेचलेला बोरू मोडणार नाही, मिणमिणती वात विझवणार नाही.

काडीने मान वर केली. दरवर्षी ऐकलेला उतारा. पण आज तिला वाटलं, हा संदेष्टा मेणबत्तीवाला नसणार. मोठ्याबाईंचा पहिला नियम होता: धुमसणारी वात चिमटीत धरून विझवायची, कापायची, फेकायची. तिच्यात जीव गुंतवून बसायचं नाही. आणि इथे देव म्हणतो, मी नाही विझवणार. धंद्याच्या हिशेबाने हा देव नुकसानीतच जायचा. तिला त्याही स्थितीत किंचित हसू आलं.

"काडी," मोठ्याबाई दातांखालून म्हणाल्या. "ऊठ. हस."

ती उठली. वेदीजवळ गेली. पाळकसाहेबांनी एक लांब पेटती काडी तिच्या हातात दिली. तिने आधी दोन जांभळ्या पेटवल्या. मग गुलाबी. गुलाबी पटकन पेटेना. वात तडतडली, काळवंडली, मग एकदाची लागली. ज्योत लहान, थरथरती.

काडी गप्प उभी राहिली. मागे बाकं करकरली. कोणीतरी खाकरलं. मोठ्याबाईंचा खोकला आला, पहिला.

आणि तेवढ्यात तिला वास आला.

साध्या पांढऱ्या मेणाला वास असतो तो चुलीचा आणि तेलाचा. हा तो नव्हता. हा मधाचा होता. अगदी पुसट, जवळ उभ्या असलेल्यालाच कळेल एवढा. गुलाबी मेणबत्तीत मध? मोठ्याबाई चर्चच्या मेणबत्तीत पोळ्याचं मेण घालतील? त्या तर साच्यातला चुराही वाया...

तिने वाकून पाहिलं. वातीभोवती मेणाचं छोटंसं तळं झालं होतं, गुलाबी, लकाकणारं. त्यात एक ठिपका फिरत होता. नखाच्या टोकाएवढा. निळा. तेलरंग मेणात विरघळत नाही, त्याच्या खपल्या होतात. त्यामुळेच वात तडतडत होती. तो ठिपका वातीभोवती गोल गोल फिरत होता, पंख फुटल्यासारखा.

मेण वाया घालवायचं नाही. टाकली म्हणजे राखेत नव्हे, उकिरड्यावर नव्हे. पातेल्यात.

आधी तिला राग आला, असा की तो सगळा हार-फांद्यांचा थाट उचलून पहिल्या बाकावर फेकावा. आणि मग त्या रागाच्या आतून दुसरंच काही वर आलं. तिच्या मुलीची बाप्तिस्म्याची मेणबत्ती वेदीवर पेटली होती. भर उपासनेत, सगळ्या मंडळीसमोर, पाळकाच्या डोळ्यांदेखत. ज्यांनी तिला भिंतीबाहेर ठेवलं त्यांनीच ती आपल्या हातांनी वितळवून, ओतून, शालीखाली जपून आत आणली होती. देवाने दार उघडायला दुसऱ्या कोणाला नाही, सासूच्या कंजूषपणाला सांगितलं होतं.

आनंद येतो तो विचारून येत नाही. रडू फुटावं तसा तो तिला फुटला.

"देवाने मला दिलेलं वचन पाळलं," काडी म्हणाली, आणि आवाज बहिऱ्या घड्याळजीपर्यंत गेला, "आणि मी आनंद करते." मोठ्याबाईंनी समाधानाने मान डोलवली. पण काडी थांबली नाही. "ही माझ्या मुलीची मेणबत्ती आहे. बाप्तिस्म्याची. मीच केली होती. आईंनी ती गुलाबी मेणात वितळवली. तिच्यावरचं पाखरू अजून आत आहे, या आणि बघा. माझी मुलगी देवाच्या घरात आहे."

चर्चमध्ये क्षणभर वाफसुद्धा दिसेना.

"खोटं!" मोठ्याबाई उभ्या राहिल्या. "डोकं फिरलंय पोरीचं!" आणि ताडताड वेदीपाशी आल्या. त्यांनी वाकून पाहिलं. ठिपका फिरत होता. त्यांचा चेहरा बदलला तो सगळ्यांनी पाहिला.

"पाणी न पडलेल्या पोराची मेणबत्ती वेदीवर चालत नाही," त्या म्हणाल्या, आणि गाल फुगवून त्यांनी ती फुंकून टाकली.

"म्हणजे आहे तिचीच!" मागून लोहाराची सून पटकन बोलून गेली.

पण ज्योत गेली होती. वातीच्या टोकाला लाल ठिणगी तेवढी उरली, आणि धुराची एक जाड दोरी सरळ वर निघाली. मोठ्याबाई काडीकडे बघून हळूच म्हणाल्या, फक्त तिला ऐकू जाईल असं, "गेली. आता दुसऱ्यांदा गेली."

पाळकसाहेब उभे होते. नवरा बसला होता. कोणी हललं नाही.

काडीने कड्यातली शेजारची जांभळी मेणबत्ती उपटून हातात घेतली. मिणमिणती वात. तिने जांभळीची ज्योत वातीला लावली नाही. ती धरली वर, बऱ्याच वर, धुरात. आणि आग धुरावरून खाली धावली. हवेतून, कशाला न शिवता, एका उडीत वातीवर येऊन बसली. गुलाबी मेणबत्ती पुन्हा पेटली.

मंडळीच्या तोंडून जो उद्गार निघाला तो पुढे कित्येक वर्षं लोक सांगत राहिले. बायका गुडघ्यांवर आल्या. "चमत्कार! चमत्कार!" बहिरा घड्याळजी शेजाऱ्याला विचारत होता, "काय म्हणाली? काय म्हणाली?" चमत्कार बिमत्कार काही नव्हता. ताज्या धुरात मेण असतं आणि ते पेट घेतं, हे मेणबत्तीवाल्यांच्या घरातलं शेंबडं पोरही जाणतं. हे मोठ्याबाईंना माहीत होतं, आणि ते त्या क्षणी कोणाला सांगूनही उपयोग नाही, हेही. त्या पुन्हा फुंकणार होत्या. गाल फुगलेही होते. पण मागे गुडघे टेकलेलं अख्खं चर्च पाहून त्यांनी तो श्वास गिळला.

पाळकसाहेबांना त्या घडीला काही बोलता आलं असतं. ते म्हणाले, "आपण स्तोत्र म्हणू या."

ती मेणबत्ती सगळं स्तोत्र संपेपर्यंत तडतडत, खोकत, वाकडीतिकडी जळत राहिली. काडी तिच्याजवळ उभी राहून गायली. तिला आवाज नव्हता, पण गायली.

घरी जाताना मोठ्याबाई आणि नणंद पुढे, ताडताड. काडी आणि नवरा मागे. गोठलेल्या रस्त्यावर पावलं कुरकुरत होती.

"तुम्हांला माहीत होतं," काडी म्हणाली.

तो म्हणाला, "मीच ढवळत होतो."

"पाखरू दिसलं नाही?"

"दिसलं. मेण वितळलं आणि ते आधी सुटलं. अख्खंच्या अख्खं वर तरंगत आलं. आई म्हणाली, गाळून घे. मी फडक्यातून गाळलं."

"नीट गाळलं नाहीत."

त्याने चटकन तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत एक आशा चमकली. "मी... मुद्दामच..."

काडी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. एवढी वर्षं संसार केलेली बाई; तिला कळायला वेळ लागला नाही. फडकं जुनं होतं, विरलेलं होतं. मुद्दाम काही केलं नव्हतं.

"फडकं फाटकं होतं," ती म्हणाली. "देव त्याचं भलं करो." आणि ती पुढे चालू लागली.

त्या दिवसापासून मोठ्याबाईंनी तिला वातीला हात लावू दिला नाही. फक्त पातेली घासायची, राख काढायची. जेवायला सगळ्यांच्या मागून. "चमत्कारी बाई," नणंद म्हणायची, "हवेतून भाकरी पेटव आता." काडी पातेलं घासता घासता स्तोत्र गुणगुणायची. मोठ्याबाईंना तिचं रडणं चाललं असतं. ते गुणगुणणं मात्र त्यांच्या हाडांत शिरलं.

पुढे कोणाचं काय झालं, तेही सांगायला हवं.

पाळकसाहेबांची दोन वर्षांत दुसऱ्या गावी बदली झाली. म्हातारपणी ते आपल्या उपदेशांत धुरावरून धावलेल्या ज्योतीची गोष्ट सांगत आणि श्रोत्यांचे डोळे ओले करत. त्या गोष्टीत ज्योत त्यांनीच लावलेली असे.

नणंदेचं लग्न घड्याळजीच्या पुतण्याशी झालं. तिला पाच मुलं झाली. पाचही बाप्तिस्म्यांच्या मेणबत्त्या तिने, आईची मनाई असूनही, वहिनीकडूनच करवून घेतल्या, प्रत्येकीवर निळं पाखरू काढून; मागताना दरवेळी म्हणायची, "तो तुझा कावळा काढ हं."

नवरा पन्नाशीत छातीच्या दुखण्याने गेला. शेवटच्या आजारात तो पुन्हा म्हणाला, "मी मुद्दामच नीट गाळलं नव्हतं." काडीने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला आणि "बरं," म्हणाली. हो म्हणाली नाही.

दफनभूमी पुढे भरली. जागा पुरेना म्हणून कुंपणाची भिंत पाडून पलीकडे सरकवली, आणि झुडपांच्या कडेचं ते खोकं, कोणी ठरवलं नाही, कोणी विचारलं नाही, आपसूक आत आलं.

मोठ्याबाईंना अर्धांगवायू झाला. एक अंग गेलं, तोंड वाकडं झालं, जीभ लुळी पडली. नणंदेकडे जागा नव्हती. काडीनेच त्यांना भरवलं, धुतलं, कुशीवर वळवलं, हात आखडता न घेता. कोणी म्हणे, देवमाणूस आहे. ते तसं सरळ नव्हतं. त्या गुलाबी मेणबत्तीचं थोटूक काडीने जपून ठेवलं होतं, आणि दरवर्षी आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी ती ते म्हातारीच्या उशाशी आणून पेटवायची. थोडाच वेळ. वात तडतडायची, खोलीत मधाचा पुसट वास पसरायचा. म्हातारीचे डोळे त्या ज्योतीवर खिळायचे, एक गाल थरथरत फुगायचा, आणि वाकड्या ओठांतून श्वास भलतीकडेच निघून जायचा. लाळ तेवढी हनुवटीवर ओघळायची. ज्योत हलायचीसुद्धा नाही.

"राहू द्या, आई," काडी हनुवटी पुसत म्हणायची. "तुम्हांला नाही जमायचं."

आणि मग तिथेच उशाशी बसून, म्हातारीला नीट ऐकू जाईल अशा आवाजात, ती ते वाक्य म्हणायची.